शिऊरची आई आणि कराव्याच्या आया



दिंडीच्या शतकमहोत्सवाचा ग्रंथ निघतो आहे. त्यात महाराज मंडळींवर लेख आहेत, विणेकऱ्यांवर आहेत, पखवाजावर आहे, मुक्कामांवर आहे. आमच्या वाट्याला विषय आला तो घरातल्या म्हातारीचा. दिंडी चालते ती कोणाच्या जिवावर, असे बैठकीत कोणीतरी विचारले आणि सगळ्यांनी मागे बसलेल्या बायकांकडे बघितले. तिथेच हा विषय ठरला.

ठरला खरा, पण लिहायचे कोणाविषयी? कराव्यात एका घरची म्हातारी निवडावी तर शेजारचे घर रुसेल, आणि रुसणे बरोबरही आहे. कारण प्रत्येक घरात एक आहेच. सून, नातसून, पणतू अशी चार पिढ्यांची पंगत जिच्या हातची भाकरी खाऊन उठली, आणि तरीही जिचे नाव दिंडीच्या वहीत कुठे सापडत नाही. वहीत नाव येते ते घरच्या पुरुषाचे. तिच्या वाट्याला "व घरातील मंडळी" एवढेच शब्द. म्हणून आम्ही ठरवले, की जिने आपले सगळे आयुष्य आपल्याच तोंडाने सांगून ठेवले, अशा एका आईचे चरित्र इथे मांडावे. ती कोणा एका घराची नाही, सगळ्या वारकऱ्यांची आहे. शिऊरच्या श्रीसंत बहिणाबाई. त्यांची गोष्ट सांगता सांगता आपल्या घरच्या म्हाताऱ्या आठवतीलच, त्याला आमचा इलाज नाही.

आधी एक घोटाळा दूर करू. बहिणाबाई म्हटले की शाळेत गेलेल्या मुलांना आठवतात त्या जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी. त्या 1880 साली आसोद्याला जन्मल्या, 1951 साली गेल्या, आणि शेतातली, घरातली, जात्यावरची त्यांची गाणी महाराष्ट्राच्या ओठावर आहेत. त्याही थोर. पण आपण बोलतो आहोत त्या बहिणाबाई त्यांच्याआधी अडीचशे वर्षांच्या. तुकोबारायांच्या शिष्या. संतांच्या कृपेने वारकरी धर्माचे मंदिर कसे उभे राहिले, पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला, हे सांगणारा जो अभंग आपण दर सप्ताहात म्हणतो, तो ह्या बहिणाबाईंचा. म्हणताना शेवटी त्यांची नाममुद्रा येते, पण टाळ एवढे जोरात असतात की ती कोणाच्या ध्यानात राहत नाही.

त्यांचा जन्म 1628 सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. कळते वय यायच्या आत लग्न झाले. नवरा शिऊरच्या पाठक घराण्यातला, वेदविद्या शिकलेला, वयाने तीस वर्षांचा आणि बिजवर. आज ऐकून अंगावर काटा येतो. पण आपल्या पणजीचे लग्न कितव्या वर्षी झाले होते, हे घरी विचारून बघा. "पाळण्यानच ठरवलेलं" असे उत्तर देणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या लहानपणापर्यंत गावात होत्या.

बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना घरावर गदा आली. भाऊबंदकी आणि देणे, दोन्ही एकदम. वडिलांना गाव सोडावे लागले, तेही रातोरात. आई, बाप, भावंडे, जावई आणि ही पोर, असे सगळे चालत निघाले. गोदाकाठ धरून, वाटेत भिक्षा मागत, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे करत ते शेवटी कोल्हापूरला पोहोचले. कुलकर्ण्याचे घर, आणि हातात झोळी! पंढरपूर त्यांना पहिल्यांदा दिसले ते असे. वारीला म्हणून त्या निघाल्या नव्हत्या. घर सुटले म्हणून वाट पंढरीवरून गेली.

इथे थोडे थांबून कराव्याकडे वळायला हवे, कारण घर सुटणे म्हणजे काय ते ह्या गावाला माहीत आहे. आपले घर नाही सुटले, पण घराच्या दारापासून सुरू होणारे सगळे सुटले. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण ह्या तीन तालुक्यांतली 95 गावे नव्या शहरासाठी ठरली. त्यात आपण. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली. खाडीच्या बांधाला उघाडी होती, भरतीचे पाणी अडवायला आणि ओहोटीला सोडायला. ती कधी उघडायची, कधी लावायची ह्याचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे आता कोणी विचारायला येईना. 1984 च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभा राहिला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचा हक्क पदरात पडला. हा इतिहास पुस्तकांत आहे, सभांत सांगितला जातो. पण ज्या बाईच्या डोक्यावर मिठाची पाटी होती, तिची पाटी कुठल्या दिवशी उतरली, हे कोणत्याही पुस्तकात नाही. आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच आपण आगरी. त्या आगराची अर्धी मजुरी बाईच्या मानेने उचलली. तिचे काम संपले तेव्हा ना सत्कार, ना निरोप.

आता पुन्हा कोल्हापूर. बहिणाबाईंचे वय अकरा. ज्या हिरंभटांच्या घरी हे कुटुंब उतरले होते त्यांना कोणीतरी वासरासकट एक काळी गाय दान दिली, आणि त्यांनी ती ह्या कुटुंबाला दिली. वासराला ह्या मुलीचा लळा लागला. ती पाणी पाजेल तर पिणार, ती चारा घालेल तर खाणार, ती जाईल तिथे मागून जाणार. जयरामस्वामींचे कीर्तन चालले होते, तिथेही वासरू तिच्यामागे गेले. गर्दीत लोकांनी वासराला बाहेर काढले, तशी इकडे पोर कासावीस झाली. स्वामींना हे कळले. त्यांनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला. कीर्तनात जनावराला जागा द्यावी एवढे मोठे मन त्या महाराजांचे.

ही बातमी घरी पोहोचली आणि नवऱ्याने तिला बेदम मारले. दोरीने बांधून ठेवले. अकरा वर्षांच्या मुलीला.

हे आम्ही सौम्य करून लिहू शकलो असतो. पण बहिणाबाईंनीच ते सौम्य केलेले नाही. आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत त्यांनी मार लिहिला, बांधणे लिहिले, गाय आणि वासरू दोघांनी चारा सोडला ते लिहिले, आणि वासराने प्राण सोडला तेही लिहिले. त्यानंतर त्या शुद्धीवर नव्हत्या. त्या अवस्थेत तुकोबाराय स्वप्नात आले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला. बहिणाबाईंनी तिथीसुद्धा नोंदवली आहे: कार्तिक वद्य पंचमी, रविवार. आपल्या म्हाताऱ्या पोराच्या जन्माचे साल विसरतात पण "पोला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार होता" हे विसरत नाहीत, तशीच ही नोंद.

तोवर त्यांनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानावर पडत, तेवढाच परिचय. स्वप्नातल्या गुरूला त्यांनी गुरू मानले, आणि इथून पुढे खरे भांडण पेटले. नवरा वैदिक ब्राह्मण. बायको म्हणते माझा गुरू देहूचा कुणबी वाणी. शूद्राला गुरू करतेस, लोक तुझ्या पाया पडायला येतात, मला कोण विचारतो, म्हणून तो घर सोडून जायला निघाला. बहिणाबाई तेव्हा गरोदर. त्या काय म्हणाल्या? त्या म्हणाल्या, नवऱ्याची सेवा हा माझा धर्म आहे, तो मी सोडणार नाही. आणि गुरूही सोडला नाही. दोन्ही धरून ठेवले. मग ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी नवऱ्याला ताप भरला. महिनाभर तो अंथरुणाला खिळला आणि हिनेच त्याचे सगळे केले. त्या आजारात त्याचे मन पालटले. बरा झाला तो देहूला जायचे म्हणूनच.

आमच्या घरातल्या शिकलेल्या मुली विचारतात, मार खाऊनही तिने सेवा का केली? पतिव्रतेच्या धर्मावर बहिणाबाईंचे पुष्कळ अभंग आहेत, आणि ते आजच्या मुलींना खटकतात. खटकू देत. तसे वाटणे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच गाथेत दुसरीकडे त्या विचारतात, की वेद ओरडून सांगतात, पुराणे ओरडून सांगतात की बाईच्या संगतीने हित होत नाही. मग मी तर बाईच्याच देहात जन्मले, मी परमार्थ साधायचा तरी कसा? साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढा सरळ प्रश्न शास्त्राला विचारणारी बाई दबलेली होती असे आम्हाला वाटत नाही. तिने घरही मोडले नाही आणि मानही वाकवली नाही. नवराच शेवटी तिच्या वाटेवर आला.

कराव्यात हे असे भांडण वेगळ्या रूपात प्रत्येक माळकरी घराने पाहिले आहे. आपण खाडीकाठचे लोक. निवटी, कोलंबी, बोंबील, चिंबोरी ही आपली रोजची ताटे. अशा घरात कोणी तुळशीची माळ घालते म्हणजे साधी गोष्ट नाही. "गल्यान माल हाय, आता मासली नाय" असे म्हाताऱ्या सांगत. पण घरातल्या बाकी सगळ्यांना तर म्हावरं हवेच. मग म्हातारी काय करी? काही घरांत वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळी पाण्याची कळशी. स्वतःचे वरण-भात आणि तांदळाची भाकरी आधी करून झाकून ठेवायची आणि मग सुनेला स्वयंपाकघर मोकळे करून द्यायचे. कोणावर सक्ती नाही, कोणाशी अबोला नाही. काही घरांत ह्याउलट, म्हातारीच्या माळेपायी सगळे घर हळूहळू शाकाहारी झाले, तेही कोणी न सांगता. एकादशीला मात्र पोरेटोरेसुद्धा चुलीकडे बघत नसत. बहिणाबाईंनी घर आणि गुरू दोन्ही धरले, तसे ह्यांनी घर आणि माळ दोन्ही धरले. फरक एवढाच, की ह्यांनी ते लिहून ठेवले नाही.

देहूला बहिणाबाईंना तुकोबा प्रत्यक्ष दिसले, आणि म्हणून त्यांच्या गाथेला इतिहासात फार मोल आहे. तुकोबांविषयी नंतरच्या काळात पुष्कळांनी लिहिले. महिपतीबोवांचे ग्रंथ आपण वाचतोच, पण महिपतीबोवा अठराव्या शतकातले. बहिणाबाई तुकोबांच्या हयातीतल्या. इंद्रायणीत तेरा दिवस राहूनही वह्या तरल्या ह्याचा उल्लेख त्यांच्या अभंगांत आहे. मंबाजी गोसाव्याने तुकोबांना आणि त्यांच्या शिष्यांना कसा त्रास दिला, हे त्या सांगतात, कारण तो त्रास त्यांनी स्वतः सोसला. आमचा शिष्य हो, असा मंबाजीचा आग्रह होता. आमचे गुरू तुकोबा, असे सांगितल्यावर त्याने ह्या कुटुंबाला छळले. त्यांची गाय आपल्या घरी बांधून उपाशी ठेवली, मारली. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे त्यांनी सांगितले आहे. ह्याच देहूत त्यांची मुलगी काशीबाई जन्मली. पोटात पोर, डोक्यावर परके छप्पर, दारात शत्रू, आणि रोज संध्याकाळी कीर्तन. असा तो संसार.

तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी बहिणाबाईंनी नुकतीच विशी ओलांडली होती. पुढे पन्नास वर्षे त्या जगल्या. ह्या पन्नास वर्षांविषयी लोक फारसे बोलत नाहीत. कीर्तनात वासराची गोष्ट येते, स्वप्नाची येते, मंबाजी येतो आणि मग एकदम निर्याण. पण बाईचे आयुष्य खरे ह्या मधल्या वर्षांतच असते. शिऊरला येऊन त्यांनी घर केले. मुलगा विठोबा वाढवला. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा प्रश्न ज्यात आहे त्या वज्रसूची उपनिषदाचा अर्थ त्यांनी मराठी अभंगांत आणला. देह ब्राह्मण आहे का, जात ब्राह्मण आहे का, कर्म, विद्या, रंग ह्यांपैकी काही ब्राह्मण आहे का, असे एकेक विचारत शेवटी जो ब्रह्म जाणतो तोच ब्राह्मण, ह्या उत्तरावर ते येते. लक्षात घ्या, हे लिहिणारी स्वतः ब्राह्मणाची मुलगी, ब्राह्मणाची बायको. कुणब्याला गुरू केल्याबद्दल मार खाल्लेली मुलगी मोठी झाली आणि तिने त्या माराला असे उत्तर दिले. आम्हाला तर त्यांच्या सगळ्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. इथे चमत्कार नाही, आहे तो विचार.

आणखी एक जोड आम्ही स्वतः लावून बघितली. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा ह्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घालून आळंदीमार्गे पंढरपूरला नेण्याची रीत सुरू केली ती 1685 साली. त्या वर्षी बहिणाबाई 57 वर्षांच्या होत्या आणि शिऊरला नांदत होत्या. म्हणजे आज ज्या पालखी सोहळ्यात आपण चालतो, त्याचा आरंभ झाला तेव्हा तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेली ही आई हयात होती. तिच्या कानावर ते गेले असेल तेव्हा तिला काय वाटले असेल, ह्याची कल्पना ज्याची त्याने करावी. पुढे हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला आजची शिस्त दिली, दिंड्यांचे क्रम लागले, चोपदार आले. आपली दिंडी ह्या सगळ्याच्या कितीतरी नंतरची. शंभर वर्षे आपल्याला फार वाटतात, पण ह्या वाटेवर शंभर वर्षे म्हणजे लहान मूल.

आपल्या भागातून वारीला जाणे कधीच सोपे नव्हते, आणि त्याचे कारण भक्ती कमी असे नाही. कारण भात. आषाढी म्हणजे ऐन आवणीचे दिवस. रोपे तयार, पाऊस लागलेला, आणि त्याच वेळी पंढरीची हाक. कार्तिकीला पुन्हा कापणी-झोडणी. म्हणून कोकणपट्टीतले पुष्कळ जण माघीला जात. जे आषाढीला जात त्यांच्या मागे घरात कोणीतरी राहत असे, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा बाईच असे. गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावायची, पाठ ताठ केली की पंढरपूरच्या दिशेला हात जोडायचे आणि पुन्हा वाकायचे. पुरुष माघारी आला की त्याच्या पाया पडायचे, त्याच्या पायाची धूळ कपाळाला लावायची, बुक्का घ्यायचा, लाह्या-चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटायचा. वारी त्याची घडली. आणि हिची? आम्ही गावातल्या जाणत्या महाराजांना हे विचारले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अरे, सावता महाराज मळा सोडून कुठे गेले होते?" अरणच्या सावतोबांना मळ्यातच पांडुरंग भेटला. उत्तर बरोबर आहे. पण सावतोबांचे अभंग लिहिले गेले म्हणून आपल्याला त्यांचा मळा ठाऊक आहे.

मग जमीन गेली, आणि आवणी थांबली. ज्या बायकांना उभ्या जन्मात आषाढी मिळाली नव्हती त्यांचे पाय एकदम मोकळे झाले. डोईवर तुळस घेऊन त्या निघाल्या, पन्नाशीच्या, साठीच्या. हे लिहिताना हात अडखळतो. शेत गेले हे चांगले झाले असे कसे म्हणावे? आणि म्हातारी पहिल्यांदा पायी पंढरपूरला पोहोचली हे वाईट झाले असेही कसे म्हणावे? दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी झाले. घरातला पुरुष मोबदल्याच्या कागदांसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होता आणि म्हातारी दिवे घाट चढत होती. तिने वाटेत काय मागितले असेल, सातबारा की दर्शन, हे तिलाच ठाऊक. आम्हाला वाटते, दोन्ही मागितले असेल.

ह्या म्हाताऱ्यांपाशी केवढे भांडार होते! आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते, हे बाहेरच्या लोकांना सांगितले तर खरे वाटत नाही. लग्नाचे विधी एक बाई धवले गाऊन लावते. हळदीपासून वरात येईपर्यंत प्रत्येक गोष्टीचे गाणे तिला पाठ. तिला वही लागत नाही. मराठीत पहिली कवयित्री म्हणून जिला मान देतात त्या महानुभाव पंथाच्या महदंबेनेही तेराव्या शतकात रचले ते धवळेच. म्हणजे मराठी बाईचा आवाज पहिल्यांदा आपल्याला ऐकू येतो तो लग्नाच्या गाण्यातून. तो आवाज आपल्या गावात कालपरवापर्यंत जिवंत होता, काही घरांत अजून आहे. पण ज्या धवलारणीकडून सुनेने गाणी घेतली नाहीत, तिच्याबरोबर ती सरणावर गेली.

बहिणाबाईंचे तसे झाले नाही. ह्याचे कारण त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या पाच दिवसांत आहे, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

शके 1622, म्हणजे इ. स. 1700. बहिणाबाई 72 वर्षांच्या. सून रुक्मिणी वारली होती, आणि मुलगा विठोबा तिच्या उत्तरकार्यासाठी गोदाकाठी शुक्लेश्वराला गेला होता. म्हातारीने त्याला निरोप धाडला, की माझे आता पाच दिवस उरले आहेत, निघून ये. घरात नुकतेच एक मरण झालेले, त्यात हा निरोप! मुलगा धावत आला. आईने त्याला जवळ बसवले आणि सांगायला सुरुवात केली. हा माझा तेरावा जन्म. आधीचे बारा असे असे झाले. कोणत्या जन्मी कोणाच्या पोटी, कुठे, काय भोगले, काय साधले, आणि मागच्या जन्मांतही तू माझ्या सोबत कसा होतास. एकेक जन्म तिने त्याच्यापुढे उलगडला. आता पुन्हा जन्म नाही, म्हणाली.

पूर्वजन्मांविषयी ज्याची जशी श्रद्धा तसे त्याने घ्यावे. आम्ही दुसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवतो. मुलगा विचारतो आणि आई सांगते. बायको गेलेला, दुःखाने मोडलेला मुलगा आईच्या उशाशी बसून प्रश्न विचारतो आहे, आणि ती त्याला घाई करत नाही, पहिल्या जन्मापासून सांगते आहे. हे बसणे घडले म्हणून ही गाथा आहे. शिऊरच्या घराने ती जपली, पुढे ती छापली गेली, 1929 साली जस्टिन ॲबट ह्या परदेशी अभ्यासकाने तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि शिऊरच्या म्हातारीचे बोल साता समुद्रापार गेले. आज जगभर जिथे भारतातल्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा विषय निघतो तिथे बहिणाबाईंचे नाव आधी येते.

आपल्या कराव्यात नव्वदीच्या पुढच्या म्हाताऱ्या अजून आहेत. दुपारी त्या ओटीवर बसलेल्या असतात, समोरून सीवूडसच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षा धावतात, आणि पलीकडे पाम बीचच्या रस्त्यावर गाड्यांचा ओघ थांबत नाही. खाडीत रोहित पक्षी येतात ते बघायला शहरातले लोक कॅमेरे घेऊन येतात. म्हाताऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही. त्यांना आठवते ते ह्या रस्त्याखालचे खाचर कोणाचे होते, बांध कुठून कुठे जात होता, वाशीचा पूल नसताना मुंबईला कसे जात, गावात पहिली माळ कोणी घातली, पहिला सप्ताह कोणाच्या अंगणात बसला. दिंडीच्या इतिहासासाठी कागद शोधत आम्ही पुष्कळ फिरलो. अर्ध्याहून जास्त गोष्टी शेवटी ओटीवरच मिळाल्या, त्याही "तू कोनाचा गो?" ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावर. आपल्या आजाचे नाव सांगितले की मग गोष्ट सुरू होते आणि संध्याकाळच्या हरिपाठाची वेळ झाली तरी संपत नाही.

म्हणून ह्या ग्रंथात ह्या लेखापुढे काही पाने मोकळी ठेवायला आम्ही संपादक मंडळाला सांगितले आहे. ज्या घरात हा ग्रंथ जाईल, त्या घराने त्या पानांवर आपल्या म्हातारीचे नाव लिहावे. माहेरचे नावही लिहावे, कारण ते पहिल्यांदा हरवते. माहेरचे गाव, माळ कधी घातली, पहिली वारी कोणत्या साली, कोणाबरोबर. धवले येत असतील तर नातीने ते उतरवून घ्यावेत, आणि मोबाइलवर आवाज भरून ठेवला तर आणखी बरे. ज्यांची म्हातारी गेली त्यांनी आत्याला, मावशीला विचारून लिहावे. अक्षर कसेही असो.

बहिणाबाईंनी देह ठेवला तो आश्विन शुद्ध प्रतिपदेला. त्यांची समाधी शिऊरला आहे, वैजापूर तालुक्यात. त्याच तिथीला आपल्याकडे घट बसतो. सकाळी गावदेवीच्या देवळात आणि घरोघरी माती पसरून धान्य पेरतात, आणि ते पेरायला घरातली सगळ्यांत म्हातारी बाईच लागते.